विमानतळावरची झडती आणि आपला खासगीपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात मध्यंतरी विमानप्रवासावर बोलायला गेलो होतो. विषय साधा होता: सामान कसं भरावं. प्रश्न आले ते भलतेच. "बायकांच्या अंगाला कुठपर्यंत हात लावतात?" "तो चेहऱ्याचा फोटो कुठे जातो?" "त्या मशीनमध्ये म्हणे सगळं दिसतं?" चहा येईपर्यंत अर्धीच उत्तरं देऊन झाली. उरलेली इथे लिहून काढतो आहे. भर भारतातल्या विमानतळांवर आहे. अमेरिका अधूनमधून येईल, कारण संघातल्या निम्म्या लोकांची नातवंडं तिकडे आहेत. मी वकील नाही. वर्षातून आठ-दहा वेळा या रांगेत उभा राहतो आणि फुकटचे नियम वाचत बसायची खोड आहे, एवढंच.

ही तपासणी करतं कोण? विमान कंपनी की पोलीस?

बहुतेक मोठ्या विमानतळांवर तुमच्या अंगावरून यंत्र फिरवतात ते केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजे सीआयएसएफचे जवान. काही छोट्या विमानतळांवर राज्याचे पोलीस असतात. काय तपासायचं आणि कसं, हे ठरवतं बीसीएएस, म्हणजे नागरी विमान सुरक्षा ब्युरो. तेव्हा लायटर काढून घेतला म्हणून विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन भांडण्यात अर्थ नाही. तिथल्या मुलीच्या हातात काही नसतं.

हे नियम कुणाच्या डोक्यातून सहज निघालेले नाहीत. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. व्हँकुव्हरहून एक बॅग चढली होती, तिचा मालक चढलाच नव्हता. आज तुम्ही चेक-इन करून गेटवर पोचला नाहीत, तर विमान थांबवून तुमची बॅग पोटातून उपसून काढतात, ते या बॅगेमुळे. बीसीएएस १९७८ मध्ये एक छोटा कक्ष म्हणून सुरू झालं होतं. कनिष्कनंतर, १ एप्रिल १९८७ ला ते स्वतंत्र खातं झालं. पुढे २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ हे विमान अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं. त्याआधी विमानतळांवर त्या त्या राज्याचे पोलीस असायचे. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सीआयएसएफ आलं.

एवढं सांगायचं कारण असं की "कशाला हवी ही कटकट" म्हणणाऱ्यांत मी नाही. झडती होते, दहा-वीस सेकंदांत संपते, आपण पुढे जातो. माझा प्रश्न तपासणी संपल्यानंतरचा आहे: मागे काय उरलं आणि ते कुणाकडे उरलं? पुढची बरीच उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतील.

मी तपासणीला 'नाही' म्हणू शकतो का?

म्हणू शकता. मग विमानात बसता येणार नाही. संपला विषय.

हो, 'कशी' याबद्दल बोलता येतं. उघड्यावर नको, आडोशाला करा, अशी विनंती करता येते. बाईची झडती बाईच घेणार, याबद्दल तर घासाघीस नाहीच. आणि थट्टेतसुद्धा 'बॉम्ब' हा शब्द तोंडातून काढू नका. "बॅगेत काय आहे?" "बॉम्ब आहे, दुसरं काय!" या विनोदापायी लोकांची विमानं चुकली आहेत आणि रात्री पोलीस ठाण्यात गेल्या आहेत.

मग खासगीपणाचा हक्क विमानतळाच्या दाराशी संपतो?

नाही संपत. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यावर मर्यादा घालायची तर तीन गोष्टी लागतात: तसा कायदा हवा, सरकारचा हेतू रास्त हवा, आणि उपाय त्या हेतूच्या मानाने प्रमाणात हवा.

अंगझडती या तिन्ही कसोट्यांवर बऱ्यापैकी टिकते. तिच्यामागे कायदा आहे (१९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला), हेतू उघड आहे, आणि ती जवळपास सगळ्यांची होते. तिसऱ्या कसोटीवर अडखळायला होतं ते नव्या गोष्टींत. चेहरा, तिकिटाची माहिती, फोन. त्यांच्याकडे येतोच आहे.

अंगझडतीत कुठपर्यंत हात लावतात? बायकांसाठी काय सोय असते?

पुरुषांची झडती उघड्यावर, त्या बुटक्या चौथऱ्यावर. हात पसरायचे, हातातलं यंत्र पुढून-मागून फिरतं, कुठे वाजलं तर तिथे हाताने चाचपतात. बायकांसाठी पडद्याचा आडोसा असतो आणि आत महिला जवान. कपडे काढायला सांगण्याचा नेहमीच्या तपासणीत प्रश्न येत नाही. जॅकेट, पट्टा, खिशातलं पाकीट हे ट्रेमध्ये.

नियम एकच, पण अनुभव कसा बदलतो ते सांगतो. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. पुण्याच्या विमानतळावर यंत्र तिच्या गुडघ्यांपाशी वाजलं. आई आपली भाबडी, ऑपरेशनचा व्रण दाखवावा म्हणून लगबगीने साडी वर करायला लागली. आतल्या मुलीने तिचा हात धरला. "रहने दो आंटीजी," म्हणाली, साडीवरूनच दोन्ही गुडघे चाचपले, शिक्का मारला आणि चौथऱ्यावरून उतरताना कोपराला आधारही दिला. आई विमानात बसेपर्यंत त्या पोरीचं कौतुक सांगत होती.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका शहरात (नाव घेत नाही) यंत्र तिथेच वाजलं. पडदा अर्धा उघडा, बाहेर रांग, आणि आतल्या बाईंनी तुटकपणे "ऊपर करो" म्हणून साडी वर करायला लावली. दहा सेकंदांचा मामला. आई काही बोलली नाही. तेव्हापासून मात्र प्रवासाला साडी नेसत नाही, पंजाबी ड्रेस घालते. कारण विचारलं तर "सुटसुटीत असतो" म्हणते.

तेव्हा सल्ला एकच. आत गेल्या गेल्या पडदा नीट ओढायला सांगा. यंत्र फिरायच्या आधीच "गुडघे बदललेत" म्हणून सांगून टाका. डॉक्टरांचं पत्र जवळ असलं तर बरं. त्याने तपासणी टळत नाही, पण बोलणं सोपं होतं.

पेसमेकर, कृत्रिम पाय, इन्सुलिन पंप असलेल्यांचं काय?

पेसमेकर असेल तर कार्ड जवळ ठेवा, आधी सांगा आणि हातानेच तपासायला सांगा. छातीवर यंत्र धरून ठेवू देऊ नका. इन्सुलिन, सुया, तान्ह्या बाळाचं दूध यांना द्रवपदार्थांच्या नियमात सवलत असते. प्रिस्क्रिप्शन मात्र बॅगेच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात ठेवा.

कृत्रिम अवयव हे दुखणं मोठं आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेत्री आणि नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी थेट पंतप्रधानांना उद्देशून व्हिडिओ टाकला. दर वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढायला लावतात, ज्येष्ठ नागरिकांसारखं आम्हालाही एखादं ओळखपत्र द्या, असं त्यांचं म्हणणं. सीआयएसएफने माफी मागितली. आता विचार करा, ज्यांचा चेहरा देशाला ठाऊक आहे त्यांची ही गत, तर लातूरहून पुण्याला येऊन पहिल्यांदा विमान पकडणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याचा व्हिडिओ कोण बघणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ डिसेंबर २०२१ ला, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की माणसाचा आत्मसन्मान राखायचा तर विमानतळावर कृत्रिम अवयव काढायला सांगू नये. हे म्हटलं गेलं ते जीजा घोष यांच्या प्रकरणात. त्या कोलकात्याच्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या, अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये गोव्यातल्या एका परिषदेला निघाल्या होत्या. सुरक्षा तपासणी झाली, त्या जागेवर बसल्या, आणि मग स्पाइसजेटने त्यांना विमानातून उतरवलं. मे २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. या निकालाचं महत्त्व असं की 'सुरक्षेसाठी केलं' एवढ्यावर न्यायालयाने कंपनीला सोडलं नाही.

व्यवहारात काय करावं? पाय काढायला सांगितला तर शांतपणे नकार द्या, शिफ्टच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला बोलवायला सांगा, आणि स्फोटकांची चाचणी कृत्रिम पायावर कापडी पट्टी फिरवूनही होते, तशी करा म्हणा. अर्धा तास जास्तीचा धरून घरून निघा. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण वस्तुस्थिती तीच आहे.

बॉडी स्कॅनरमध्ये माणूस उघडा दिसतो, हे खरं का?

पूर्वी जवळजवळ खरं होतं, आता नाही. ही गोष्ट नीट सांगण्यासारखी आहे.

२००९ च्या नाताळच्या दिवशी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एकाने अंतर्वस्त्रात लपवलेली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला. धातूच्या यंत्राला ती सापडणारीच नव्हती. मग अमेरिकेने घाईघाईने पूर्ण शरीराचे स्कॅनर बसवले. त्यातल्या एका प्रकारात क्ष-किरण वापरलेले असत आणि पडद्यावर कपड्यांखालच्या शरीराचा बऱ्यापैकी स्पष्ट आकार उमटे. आम्ही चित्रं साठवत नाही, असं अधिकारी छातीठोकपणे सांगत. मग २०१० मध्ये बाहेर आलं की फ्लोरिडातल्या एका न्यायालयाच्या दारातल्या शरीराच्या स्कॅनरमध्ये ३५ हजारांहून जास्त चित्रं साठून राहिली होती. विमानतळ नव्हे, न्यायालय. पण मशीन साठवू शकतं, हे सगळ्यांना कळून चुकलं.

तिकडच्या संसदेने मग अट घातली: खऱ्या शरीराऐवजी सगळ्यांसाठी एकच ठोकळेबाज आकृती दाखवा, आणि संशय असेल तिथे चौकोन करा. क्ष-किरणवाल्या कंपनीला ते सॉफ्टवेअर मुदतीत जमलं नाही आणि २०१३ मध्ये ते स्कॅनर विमानतळांवरून हलवले गेले. उरले ते मिलिमीटर लहरींचे. युरोपने २०११ मध्येच नियम केले: क्ष-किरण नको, चित्र साठवायचं नाही, आणि प्रवाशाला नको असेल तर हाताने झडती. सुरक्षा आणि लाज दोन्ही राखता येतात, फक्त कुणीतरी मुदत घालून हात पिरगाळावा लागतो.

भारतात बीसीएएसने २०१९ मध्ये ८४ संवेदनशील विमानतळांना स्कॅनर बसवायला सांगितलं, मुदत मार्च २०२० होती. ती पुढे ढकलली गेली. आपल्याकडे साडी, धोतर, शाल, घोळदार पोशाख, त्यांतून यंत्र उगाचच चौकोन दाखवतं आणि पुन्हा हाताची झडती येतेच, ही अडचणही आहे. स्कॅनरसमोर उभं राहायची वेळ आली तर घाबरू नका. शेजारच्या पडद्याकडे बघा. बाळबोध बाहुलीसारखी आकृती दिसेल. ती तुम्हीच.

माझी बॅग माझ्या पाठीमागे उघडतात का?

भारतात सहसा नाही. चेक-इनच्या बॅगेत काही संशयास्पद दिसलं तर तुमच्या नावाचा पुकारा होतो आणि तुमच्यासमोर उघडतात. बऱ्याचदा पॉवर बँक निघते (ती हातातल्याच बॅगेत हवी) किंवा खोबऱ्याच्या वाट्या. सुकं खोबरं तेलकट, आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं, म्हणून विमानात चालत नाही. कोकणातली मावशी काही हे ऐकून घेणार नाही, तरी सांगून ठेवा. नारळाची गंमत अशी की शबरीमलेच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला (डोक्यावरून न्यायच्या पूजेच्या गाठोड्यातला) नारळ केबिनमध्ये न्यायला जानेवारी २०२५ पर्यंत खास परवानगी दिली होती. म्हणजे नियम वाकतो, वाकवायला मोठा समूह लागतो.

अमेरिकेत उलट आहे. तुमच्या गैरहजेरीत बॅग उघडतात, आणि आत एक छापील चिठ्ठी ठेवतात की आम्ही उघडली होती. त्यांच्या किल्लीने उघडणारं कुलूप नसेल तर तोडतात. आणि भाजणी, मेतकूट नेणाऱ्यांसाठी: २०१८ पासून अमेरिकेला जाताना हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असेल तर जादा तपासणी होते. डबा चेक-इनमध्येच टाका. मेतकुटाची पूड उघडून हुंगणारा अधिकारी आणि मागे खोळंबलेली रांग, हे दृश्य मी पाहिलेलं आहे.

डिजियात्रा घ्यावी की नाही?

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न, म्हणून सविस्तर.

आधी ती काय करते ते समजून घ्या. तुम्ही ॲप घेता, डिजिलॉकरमार्फत आधारची खातरजमा करता, सेल्फी काढता. ही ओळख तुमच्या फोनमध्ये राहते. प्रवासाआधी बोर्डिंग पास जोडून ती त्या विमानतळाला पाठवता. दारात कॅमेरा चेहरा जुळवतो आणि फाटक उघडतं. विमान सुटल्यावर २४ तासांत विमानतळाकडची माहिती पुसली जाते, असं सांगितलं जातं. १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीत ती सुरू झाली. पुणे २०२३ च्या पहिल्या सहामाहीत आलं, मुंबई त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, दाबोळी २०२४ मध्ये. सध्या वापर देशांतर्गत प्रवासापुरता.

आता ती काय करत नाही ते. अंगझडती टळत नाही. ट्रेमध्ये लॅपटॉप काढणं टळत नाही. दारातल्या जवानाने ओळखपत्र आणि तिकीट बघण्याचा वेळ वाचतो. सकाळी सहाच्या गर्दीत तो वाचलेला वेळ मोलाचा असतो, हे मी नाकारत नाही. पण लोक 'सुरक्षेसाठी' म्हणून घेतात, तसं नाही. ही सोय आहे. सोय म्हणूनच तिची किंमत करा.

मला खटकतं ते पुढे. चालवणारी संस्था, डिजियात्रा फाउंडेशन, ही २०१९ मध्ये स्थापन झालेली ना-नफा कंपनी. तिच्यात विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, बाकीचा दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद आणि कोची विमानतळ चालवणाऱ्या कंपन्यांचा. ती स्वतःला माहिती अधिकाराच्या बाहेर समजते. म्हणजे २४ तासांत पुसतात हे खरं का, हे तुम्ही-आम्ही अर्ज करून विचारू शकत नाही. शिवाय सुरक्षेची गरज पडल्यास पुसण्याची मुदत बदलता येईल, अशी मोकळीक सरकारच्या धोरणातच ठेवलेली आहे. २०२४ मध्ये जुनं ॲप बाजूला पडलं आणि लोकांना नवं घ्यायला सांगितलं. ज्यांनी जुन्यात चेहरा दिला होता, त्यांना याचं सरळ, सविस्तर स्पष्टीकरण मिळायला हवं होतं. त्याच वर्षाअखेर, आयकर खातं ही माहिती वापरणार अशा बातम्या आल्या. सरकारने त्या ठामपणे नाकारल्या. पण अफवेवर इतक्या लोकांचा चटकन विश्वास बसला, यातच काय ते आलं.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला आणखी १८ महिने. शिवाय सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट कायद्यातच आहे. युरोपच्या माहिती संरक्षण मंडळाने मे २०२४ मध्ये म्हटलं की विमानतळावर चेहरा वापरायचाच तर त्याचा साचा प्रवाशाच्या हातात, निदान त्याची किल्ली तरी प्रवाशाकडे हवी. डिजियात्राची कागदावरची रचना या विचाराच्या जवळ जाते, हे मान्य करायला हवं. गाडं अडतं ते कागद तपासणारा कुणी बाहेरचा नसण्यावर.

मी स्वतः घेतलेली नाही. माझा भाचा महिन्यातून चार वेळा उडतो, त्याने घेतली आहे. आम्ही दोघं एकाच विमानाला जातो तेव्हा तो आत जाऊन कॉफी घेऊन उभा असतो आणि मला चिडवतो.

दारातल्या माणसाने पटकन फोटो काढला आणि "झालं" म्हणाला. आता?

२०२३-२४ मध्ये ही तक्रार इतकी वाढली की मंत्र्यांना सांगावं लागलं, सक्ती नाही. टी-शर्टवर काहीबाही छापलेली तरुण मुलं हातात टॅब घेऊन उभी असतात, "सर, फास्ट एंट्री" म्हणतात, आणि आपण काय होतंय हे कळायच्या आत कॅमेऱ्याकडे बघतो. "मला नको, मी ओळखपत्र दाखवणार आहे," एवढं वाक्य पुरतं. साध्या दाराची रांग असतेच, कधी कधी कोपऱ्यात असते.

आणि ओळखपत्र आधारच हवं असं नाही. वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, पॅन कार्ड, फोटो असलेलं राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुकसुद्धा देशांतर्गत प्रवासाला चालतं. मी परवाना दाखवतो.

मी काही ॲप घेतलं नाही, मग माझी माहिती कुठे जातच नाही ना?

परदेशी जात असाल तर जाते. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनुसार विमान कंपन्यांनी प्रत्येक आंतरराष्ट्रीय प्रवाशाची तिकिटाची नोंद सुटण्याच्या २४ तास आधी सीमाशुल्क खात्याच्या केंद्राला द्यायची असते. नाव, मार्ग, फोन-ईमेल, पैसे कसे भरले, सामान किती, जागा कोणती, हे सगळं. पाच वर्षं राहते, नंतर ओळख पुसून ठेवायची असते. चेहऱ्याचे २४ तास आणि तिकिटाची पाच वर्षं, यांतलं जास्त कशाबद्दल बोललं जातं ते तुम्हीच बघा. याला नकार द्यायची सोय नाही.

अमेरिकेत उतरल्यावर फोन उघडून मागितला तर?

हा सुरक्षा तपासणीचा भाग नव्हे, सीमेवरच्या अधिकाऱ्यांचा अधिकार आहे आणि तो मोठा आहे. प्रत्यक्षात येणाऱ्यांपैकी अगदी थोड्यांचाच फोन तपासला जातो. त्यांच्या २०१८ च्या आदेशानुसार फक्त फोनमध्ये असलेलं बघायचं, इंटरनेट बंद करून. नागरिकाला देशात येण्यापासून अडवता येत नाही, फोन मात्र ठेवून घेऊ शकतात. व्हिसावर गेलेल्याने नकार दिला तर त्याला परत पाठवू शकतात. विद्यार्थ्यांना मी सांगतो: गरज नाही ते सोबत नेऊ नका, आणि खोटं बोलू नका.

पगडी, कृपाण, मंगळसूत्र?

पगडी वरून चाचपतात. मंगळसूत्र काढायला लावत नाहीत. नांदेडला हुजूर साहिबला येणाऱ्या शीख प्रवाशांसाठी माहिती: मार्च २०२२ च्या आदेशानुसार देशांतर्गत प्रवासात कृपाण अंगावर ठेवता येतं, पातं १५.२४ सेंटिमीटर आणि एकूण लांबी २२.८६ सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे सहा इंच आणि नऊ इंच. आंतरराष्ट्रीय प्रवासात नाही. तृतीयपंथी प्रवाशांना मात्र आजही आधी रांग कोणती हेच ठरवावं लागतं, कारण रांगा दोनच.

बड्या लोकांना सूट का?

राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री वगैरेंची यादी विमानतळावर पाटीवर लावलेली असायची. या पदांच्या यादीत एका खासगी माणसाचं, रॉबर्ट वाड्रांचं, नाव कित्येक वर्षं होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये ते काढलं. याउलट डॉ. अब्दुल कलाम. एप्रिल २००९ मध्ये दिल्लीत एका अमेरिकी कंपनीने माजी राष्ट्रपतींची झडती घेतली, २०११ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा. संसदेत गदारोळ झाला. कलामांनी स्वतः तक्रार केली नाही.

विमान कंपनी मला कायमची बंदी घालू शकते का?

मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारलं आणि ते अभिमानाने सांगितलं. कंपन्यांनी मिळून त्यांच्यावर बंदी घातली. तेव्हा आपण सगळे खूश झालो, पण त्या बंदीला नियमाचा आधार नव्हता. सप्टेंबर २०१७ मध्ये नियम आला: शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत, मारहाणीला सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका करणाऱ्या कृत्याला दोन वर्षं किंवा जास्त. निवृत्त न्यायाधीशांच्या समितीने ३० दिवसांत ठरवायचं आणि त्यावर अपीलही आहे. नियम कडक दिसतो, पण प्रवाशाला दाद मागायची जागा त्याच नियमाने दिली.

यातलं थोडंफार नाटकच नाही का?

थोडंफार आहे. हातातल्या बॅगेला लावायचा तो कागदी टॅग आठवतो? शिक्का पुसट आला म्हणून गेटवरून परत पाठवायचे. १ एप्रिल २०१७ पासून मुंबईसह सात विमानतळांवर तो बंद झाला, नंतर इतरत्रही. कॅमेरे बसले होते, टॅगचा उपयोग उरला नव्हता. कुणी बोलेपर्यंत आपण कोट्यवधी दोऱ्यांना गाठी मारत राहिलो. अमेरिकेत २००१ च्या डिसेंबरमध्ये एकाच्या बुटात स्फोटकं सापडली, म्हणून जवळपास वीस वर्षं सगळे अनवाणी चालले. जुलै २०२५ मध्ये ते थांबलं. नियम घालायला एक घटना पुरते, काढायला कुणी धजत नाही, कारण काढल्यानंतर काही झालं तर सही कुणाची होती ते विचारतात.

तक्रार कुठे करायची?

एअरसेवा या सरकारी पोर्टलवर किंवा ॲपवर करा, आणि त्याच दिवशी सीआयएसएफलाही ईमेल करा. विमानात बसल्या बसल्या चार गोष्टी लिहून ठेवा: टर्मिनल, तपासणीच्या रांगेचा क्रमांक, घड्याळातली वेळ, गणवेशावरची नावपट्टी दिसली असेल तर ते नाव. कॅमेऱ्याचं चित्रीकरण कायम ठेवत नाहीत, म्हणून "त्या वेळचं चित्रीकरण जपून ठेवावं" असं पहिल्याच ईमेलमध्ये मागा.

माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल तर एक खुबी लक्षात ठेवा. सीआयएसएफ त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे एरवी उत्तर द्यायला बांधील नाही. अपवाद दोन: भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचं उल्लंघन. तेव्हा अर्जात "माझ्या मानवी हक्कांचं उल्लंघन झालं" असं स्पष्ट लिहा आणि काय झालं ते सांगा, तर तो केंद्रीय माहिती आयोगाच्या मंजुरीकडे जाऊ शकतो, त्याला ४५ दिवसांची मुदत आहे. आईच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं, तरी तिने सही केली नसती.